सर कशावर चिडायचे

आमच्या सेंटरमध्ये पेशंट दाखल झाला की चार पानी फॉर्म भरावा लागतो. पहिली तीन पानं डॉक्टरांची. चौथं घरच्यांचं. पेशंटला काय आवडायचं, काय खायचा, कुणाच्या हाकेला ओ द्यायचा, आणि मधोमध जाड अक्षरात एक प्रश्न : 'कशावर चिडायचे?' हे चौथं पान आमच्या सरांनी बनवलं. गेले एकोणीस दिवस सर स्वतःच आमच्याकडे सहा नंबरच्या कॉटवर आहेत आणि त्यांचं चौथं पान कोरं आहे.

मेंदूत रक्तस्राव झाला. पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच होते. दाराच्या कडीला दुधाच्या दोन दिवसांच्या पिशव्या लटकलेल्या दिसल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी वॉचमनला बोलावलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. आता डोळे उघडतात, मिटतात, पण बघत नाहीत. साताऱ्याकडे एक चुलतभाऊ आहेत, त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आमची शेवटची भेट कुणाच्यातरी लग्नात. तुम्हीच काय ते बघा." मी विचारलं, सर कशावर चिडायचे? तर म्हणाले, "कशावर नाही ते विचारा." खरंच होतं, पण ते फॉर्मवर लिहून काय करू?

परवा मोठ्या डॉक्टरांचा राउंड आहे. तोवर सरांच्या नावावर एकही प्रतिसाद नोंदला गेला नाही, तर त्यांना दुसऱ्या संस्थेत हलवणार. ती जागा वाईट नाही. तिथे वेळच्या वेळी नळीतून पेज देतात, कूस बदलतात. फक्त आत माणूस आहे का, हे तिथे कुणी शोधत नाही. म्हणून आज मी हे पान घेऊन बसलेय. खाली एक छोटा रकाना आहे, 'माहिती देणाऱ्याचे रुग्णाशी नाते'. तो मी तूर्त सोडून दिलाय.

मी इथे लागले तेव्हा हातात मानसशास्त्राची पदवी होती आणि डोक्यात भरपूर हवा. सेंटर मोशीत, खाली टाइल्सचं शोरूम आणि वर तीन मजले आमचे. डोक्याला जबर मार लागलेली, कोमातून अर्धवट बाहेर आलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांना राग येतो का, हसू येतं का, आपलं माणूस ओळखू येतं का, हे तपासायचं आमचं काम. सर या कामात यायच्या आधी बरीच वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. शिफ्ट करता करता बाहेरून शिकले आणि चाळिशी उलटल्यावर इकडे आले. पण डोक्यातला इन्स्पेक्टर काही रिटायर झाला नाही.

पहिल्याच दिवशी मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मुलीचा फोटो पाहून पेशंट आनंदी दिसला.' सरांनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं.

"आनंद कुठे दिसला?"

"चेहऱ्यावर, सर."

"चेहऱ्यावर कुठे? कानाजवळ, हनुवटीवर, का नाकाच्या शेंड्यावर? बोट ठेवून दाखव."

मग त्यांनी पट्टी घेऊन पानावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. "भुवई हलली, ओठ वळले, श्वास वाढला, हे दिसलं. आनंद, दुःख, ओळख हे सगळं तुला वाटलं. उजवीकडे हवं तेवढं लिही. डावीकडे माझ्या परवानगीशिवाय एक शब्द घालायचा नाही."

डावीकडे जायचं तर दोन माणसांना दिसलं पाहिजे, हा त्यांचा कंपनीतला नियम. एक पार्ट, दोन इन्स्पेक्टर, आणि एकाने दुसऱ्याला विचारायचं नाही. एकाला दिसलं तर ते वाटलं. इतकंच नाही, तर दुसऱ्या इन्स्पेक्टरच्या कानात ते चक्क कापूस कोंबायचे. पेशंटच्या कानाशी काय बोललं ते त्याला कळता कामा नये, त्याने फक्त चेहरा बघायचा. पेशंटच्या ओळखीच्या शब्दाबरोबर एक बिनकामाचा शब्द मधूनमधून म्हणायचा, म्हणजे चेहरा नुसता आवाजाने हलला की शब्दाने, ते कळतं. सरांचा बिनकामाचा शब्द ठरलेला होता : पंखा. "सुनीता," म्हणून पंधरा आकडे मोजायचे. "पंखा," म्हणून पंधरा आकडे मोजायचे. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटायचं, या माणसालाच मार लागलाय.

त्यांच्याकडे चार पुडांचा स्टीलचा डबा होता. जेवायच्या सुट्टीत कधी उघडायचे नाहीत. एकदा आमच्या वॉर्डातल्या मावशींनी घासायला म्हणून उघडला, तर वरच्या पुडात मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटने माखलेलं फडकं, दुसऱ्यात काळा मसाला, तिसऱ्यात अंगाच्या साबणाच्या वड्या आणि खाली गोवरीचा तुकडा. पेशंटला हुंगवायला. मावशी मूळच्या मोशीच्याच. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आन् म्या आजवर समजत व्हते, सर घरून भाजी आनत्यात!" घरून भाजी आणायला घरी होतं कोण? सर कँटीनमध्ये उभ्याउभ्या जेवायचे, भिंतीकडे तोंड करून.

चिडण्याचा प्रश्न त्यांचा जीव की प्राण. मी एकदा विचारलं, "सर, सगळे आवडीनिवडी विचारतात. तुमचं हे काय उलटंच?"

"आवडीनिवडी सगळ्यांना ठाऊक असतात. शेजारीही सांगतो, याला जिलबी आवडायची. आणि अशा वेळी घरचे लोक सत्काराचं भाषण केल्यासारखे बोलतात. माणूस कशावर चिडतो हे मात्र रोज त्याची बोलणी खाणाऱ्यालाच माहीत असतं. मेंदू जागा व्हायला लागला की प्रेम नंतर येतं, बाई. आधी वैताग येतो."

"मग तुम्ही कशावर चिडता, हे कुणाला माहीत आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पंखा बंद कर, कागद उडतायत."

पंखा बंदच होता.

त्यांच्या फ्लॅटवर मी एकदाच गेले, ते रजेवर असताना सही आणायला. चौदावा मजला. हॉलमध्ये एक खुर्ची. खरोखर एकच. मला तिच्यावर बसवून ते स्वतः उभे राहिले. मोरीत एक ताट, एक वाटी. गॅलरीतून हायवे दिसत होता आणि दार बंद असूनही गाड्यांचा आवाज येत होता. भिंतीवर कुणाचा फोटो नाही. कधीकाळी बायको होती असं ऐकलं होतं, पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. निघताना लिफ्टपाशी आले आणि म्हणाले, "चहा विचारायचा राहिला. दूध होतं." लिफ्टचं दार लागेपर्यंत ते तिथेच उभे होते.

आता ती लाटण्याची गोष्ट, जी मी सगळ्या नव्या मुलींना सांगते.

चाकणच्या एका प्रेस शॉपमधला, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवरचा कामगार आमच्याकडे आला. शिफ्ट सुटल्यावर दुचाकीवरून घसरला होता, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. लातूरकडचं जोडपं, मोशीत भाड्याच्या दोन खोल्या. त्याच्यावर मी पाच आठवडे काम केलं. बायकोची हाक ऐकवली, आईचा फोनवरचा आवाज ऐकवला, गावच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. चेहरा दगड. मी रोज शून्य लिहीत होते. सहाव्या आठवड्याला अहवाल जायचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ गाडी घेऊन येणार होता, गावाला न्यायला. भाऊ स्पष्टच म्हणाला होता, "वैनी, आता ह्यांच्यात काय उरलं नाही. तुम्ही उगं आस लावून बसू नका."

मी रजिस्टर मिटत म्हटलं, "बिचारा."

झालं! सरांनी टेबलावर हात आपटला. हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. डावी भुवई कपाळात जायची, ओठ घट्ट आवळले जायचे आणि मग तोफ सुटायची. "बिचारा म्हटलंस की काम संपलं तुझं! आता तू शोधणार नाहीस, नुसती हळहळणार. जा, त्याच्या बायकोला बोलाव." माझ्या तोंडात तो शब्द बसलेलाच होता, दिवसातून एकदा तरी निसटायचा आणि दिवसातून एकदा तरी मी बोलणी खायचे.

ती आली. पदर डोक्यावर, डोळे सुजलेले. सरांनी चौथं पान पुढे धरलं. 'कशावर चिडायचे' पुढे तिने लिहिलं होतं, 'कशावरच नाही.'

"ताई, तुमचा नवरा कधीच चिडायचा नाही?"

"नाही सर. देवमाणूस आहेत."

"देवमाणूस असतील तर देवळात ठेवा. माझ्याकडे कशाला आणलं?"

मी सरांची बाही ओढली. ते कसले थांबतात! "सलग आठवडाभर रात्रपाळी केलेला माणूस, दोन खोल्यांत राहतो, दिवसा झोपायला जातो, तरी चिडत नाही? माझ्याशी खोटं बोलू नका. परवा भाऊ गाडी आणतोय."

बाईचा बांध फुटला. "चिडायचे ना! लई चिडायचे! दुपारी झोपले की मी डोक्याशी बसून फरशीवर लाटणं आपटायची, दोनदा जोरात, एकदा हळू. तवा कुठं उठायचे. उठले की नाक फेंदारून बघायचे, आता खातेत का काय मला!"

"लाटणं कशाला? हाक मारायची."

"हाक मारून कुठं ऐकू..." ती थांबली. तोंडावर पदर घेतला.

सरांचा आवाज उतरला. "ताई, तुम्ही त्यांच्याशी बोलायला गेलात की आधी खांद्याला हात लावता, मग समोर येऊन तोंड दाखवता. मी चार दिवस बघतोय. ऐकू येत नाही ना त्यांना?"

मग तिने सगळं सांगितलं. बारा वर्षं प्रेसवर. कान कधीचेच गेलेले. कंपनीत वर्षाला कानाची तपासणी असते, काचेच्या खोलीत बसून आवाज आला की बटण दाबायचं, त्यात नापास झालं तर पॅकिंगला टाकतात, ओव्हरटाइम जातो. म्हणून हा पठ्ठ्या काचेत तपासणाऱ्याच्या कोपराची सावली बघायचा आणि कोपर हलला की बटण दाबायचा. दर वर्षी पास. "कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली व्हती. मी डॉक्टरलाबी नाही सांगितलं. बरे होऊन कामावर गेले आन् कळलं तर?" जुने कागद बघितले, तर तिथेही तोच पास झाल्याचा शेरा, आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवलेला.

पाच आठवडे मी एका बहिऱ्या माणसाला हाका मारत होते आणि त्याच्या नावावर शून्य लिहीत होते. मला इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन जिन्यात रडले. सर मागे आले, म्हणाले, "रडणं उजवीकडे लिही. आता कानात कापूस घाल आणि आत ये."

मावशींनी मधे चादर धरली. मी फक्त चेहऱ्याकडे बघत उभी. चादरीमागे सर कॉटच्या लोखंडी पट्टीवर चमच्याने आपटायचे, कसंही; कान नसले तरी हादरा पोचतो. ती मधूनच त्याच पट्टीवर लाटण्याने आपटायची, दोनदा जोरात, एकदा हळू. कोण कधी आपटतंय ते मला कळत नव्हतं. मी नंबर घालून लिहीत गेले. आठ वेळा झालं. ताडून बघितलं तर तीन वेळा मी एकच लिहिलं होतं, 'नाकपुड्या फुगल्या,' आणि तिन्ही वेळा लाटणं होतं. चादरीवरून बघत सरांनी वेगळं लिहिलेलं, तेही तेच.

"ओळखलं त्यांनी मला!" ती ओरडली.

"हे वाटलं," सर म्हणाले. "दिसलं काय ते सांगा."

ती रडता रडता हसली. "नाक फेंदारलं, सर. नाक फेंदारलं मेल्यानं."

सरांनी ते तिच्याच शब्दांत डावीकडे लिहिलं. भाऊ गाडी रिकामी घेऊन गेला. आता तो माणूस व्हीलचेअरवर असतो, बोलत नाही, पण भाकरी जाड झाली की ताट ढकलतो. त्याची बायको दर दिवाळीला सेंटरवर चिवडा आणते. ती आली की सर मात्र नेमके तपासणीच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. आभार मानून घेणं त्यांना जमायचं नाही. चिवडा नंतर खायचे, भिंतीकडे तोंड करून.

इतकं लिहिलं आणि मी तिला फोन केला. सरांना कशाने जाग येईल ते मला सुचत नव्हतं. ती तासाभरात आली, हात पिठाचे तसेच. सरांच्या कॉटशी उभी राहून बघत राहिली. मी तिला सांगितलं, एकोणीस दिवस झाले, मी रोज हात हातात घेते, हळू आवाजात बोलते, जुनी गाणी लावते. काहीच नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही तर घरच्यांवानी करायलेत. गोड गोड. ते कशावर चिडायचे ते तुम्हाला माहीत नाही व्हय? रोज बोलणी खायच्यात की तुम्ही!"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाचा कागद मी लोकांपुढे धरला, त्याचं उत्तर कुणाकडे आहे हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं. मावशींनी तेवढ्यात आत डोकावून विचारलं, "काय म्हंत्यात सर? म्या सांगते ताई, त्यांना काय बी झालं न्हाई. रुसल्यात ते."

मी ड्रॉवरमधून कापूस काढला. तिच्या दोन्ही कानांत नीट घातला, हातात वही-पेन दिलं आणि कॉटच्या पायथ्याशी उभं केलं. मी सरांच्या उशाशी तिच्याकडे पाठ करून बसले, म्हणजे तिला माझे ओठ दिसणार नाहीत. बोट वर केलं की एक नंबर, असं ठरवलं. आवाज एकाच पट्टीत यायला हवा म्हणून आधी पाणी प्यायले.

"पंखा, सर." पंधरा आकडे.

"बिचारे, सर." पंधरा आकडे.

"पंखा, सर." पंधरा.

"पंखा, सर." पंधरा.

"बिचारे, सर." पंधरा.

मला जे दिसलं ते मी माझ्या कागदावर लिहिलं. पण मला खूप हवं होतं म्हणून ते दिसलं असेल, हे मला कळत होतं. एकाला दिसलं ते वाटलं. मी कागद उलटा ठेवला आणि तिची वही मागितली. कान मोकळे करत ती काही बोलायला लागली, मी तिला थांबवलं. आधी वाचू दे.

वाकड्यातिकड्या अक्षरात तिने नंबर घालून लिहिलं होतं.

एक, काही नाही. दोन, डावी भुवई वर. तीन, काही नाही. चार, काही नाही. पाच, डावी भुवई वर, ओट घट.

ओळखलं, चिडले, कळलं, असलं काही तिने लिहिलं नव्हतं. सरांनी तिला तसं शिकवलंच होतं. मी माझा कागद सरळ केला आणि तिच्या वहीशेजारी ठेवला. मग रजिस्टर उघडलं आणि रेघेच्या डाव्या बाजूला, त्यांची परवानगी न घेता, लिहिलं.

ती कॉटची पट्टी धरून रडत होती. मीही. सर छताकडे बघत होते, भुवई परत जागेवर गेलेली.

"सर," मी म्हटलं, "उद्या परत म्हणणारेय. परवा डॉक्टरांसमोर म्हणणारेय. चिडा हवं तेवढं."

चौथं पान आता भरलंय. 'कशावर चिडायचे' पुढे एकच शब्द आहे. खालचा रकाना तेवढा उरला होता. बहीण नाही, मुलगी नाही, सहकारी लिहिलं असतं तर चाललं असतं. बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं : जिच्यावर ते रोज चिडायचे, ती.